मोठं हायस्कूल: ऐकीव मतं बाजूला ठेवून शाळा कशी पारखावी?

एप्रिल उजाडला की पालकांचा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागतो: अमुक शाळेत मुलाला घालावं का? तालुक्याच्या गावातलं किंवा शहरातलं जुनं, अनुदानित हायस्कूल. पाचवी ते दहावी, दोन सत्रं, प्रत्येक इयत्तेच्या सात-आठ तुकड्या, अडीच-तीन हजार मुलं. शेजारचे काका म्हणतात, 'डोळे झाकून घाला, आमची दोन्ही तिथंच शिकली, आज इंजिनिअर आहेत.' नणंद म्हणते, 'अजिबात नको. तिथं कोणी शिकवत नाही, मुलं दिवसभर मैदानात असतात.' सोसायटीच्या ग्रुपवर तिसरंच काही. फॉर्म भरायची मुदत मात्र पंधरा दिवसांवर आलेली.

अडचण अशी की यातलं कोणीच खोटं बोलत नसतं. हा लेख राज्य मंडळाच्या अशा मोठ्या अनुदानित शाळांपुरता आहे. भरमसाट फीच्या खासगी शाळांचे प्रश्न वेगळे, ते इथं घेतलेले नाहीत.

दोघांचंही खरं कसं?

साठ मुलांच्या आठ तुकड्या धरल्या तर एका इयत्तेत चारशे ऐंशी मुलं होतात. त्यांना गणित शिकवायला तीन-चार शिक्षक असतात. 'अ' तुकडीला पंचवीस वर्षं तोच विषय शिकवणारे सर, तर 'ग' तुकडीला तासिका तत्त्वावर आलेले, दिवाळीनंतर दुसरीकडे नोकरी लागली की निघून जाणारे. या दोन तुकड्यांच्या पालकांनी शाळेबद्दल एकच मत द्यावं ही अपेक्षाच चुकीची आहे. तीन हजार मुलांची शाळा म्हणजे एका फाटकाआड चाललेल्या अनेक शाळा असतात, आणि तुमचं मूल त्यांतल्या एकीत बसणार असतं.

शिवाय शाळा वर्षागणिक बदलते. एक मुख्याध्यापक निवृत्त झाले की शिस्त, वेळापत्रक, पालकांशी बोलण्याची पद्धत, सगळंच बदलू शकतं. रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक शाखा असलेल्या संस्थांमध्ये शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या बदल्याही होतात. काकांची मुलं २००८ साली दहावी झाली असतील, तर त्यांना शिकवणारे बहुतेक शिक्षक आता तिथं नसतीलच.

म्हणून कोणीही मत दिलं की तीन गोष्टी लगेच विचारा:

- कोणतं वर्ष? गेल्या तीन वर्षांतला अनुभव कामाचा. त्याआधीच्या आठवणी ऐकाव्यात, निर्णयात धरू नयेत.
- कोणती तुकडी, कोणतं माध्यम? मराठी माध्यमाची तुकडी आणि सेमी इंग्रजीची तुकडी यांना अनेकदा वेगळे शिक्षक असतात.
- स्वतःचं मूल की ऐकलेलं? 'सगळे म्हणतात' हे उत्तर आलं तर विषय बदला.

'तिथल्या शिक्षकांची मुलं कुठं शिकतात?' हा प्रश्न लोक फार हौसेनं विचारतात. मी त्याला वजन देत नाही. शिक्षकाचं घर कुठं आहे, जोडीदाराची नोकरी कुठं आहे, यावरच ते बहुतेक वेळा ठरलेलं असतं. आणि खासगी क्लास चालवणाऱ्याचं शाळेबद्दलचं मत घ्यायचंच असेल, तर त्याचा धंदा लक्षात ठेवून घ्या.

फाटकावरचा निकाल कसा वाचायचा

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स चढतो. फेटे बांधलेली वीस मुलं, प्रत्येक फोटोखाली ९५, ९६, ९८ टक्के. ती मुलं खरी, त्यांचे गुणही खरे. पण परीक्षेला किती जण बसले होते, हे फ्लेक्सवर नसतं. बाकीच्या शेकडो मुलांचं काय झालं, हे शाळेच्या कार्यालयात विचारावं लागतं. सरळ विचारा, यात संकोचण्यासारखं काही नाही.

१. श्रेणीनुसार आकडे मागा. ७५ टक्के व अधिक म्हणजे प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय, ३५ पासून उत्तीर्ण. या चार गटांत किती मुलं आहेत ते पाहा. त्याहून चांगला प्रश्न एकच आहे: चारशे मुलं बसली असतील, तर गुणानुक्रमे दोनशेव्या मुलाला किती टक्के मिळाले? पहिल्या वीसांत कोण येणार हे आज कोणालाच माहीत नाही. तुमचं मूल कुठंतरी मध्ये असण्याची शक्यता जास्त, म्हणून मधल्या मुलाचं काय झालं हे तुमच्या कामाचं.

२. राज्याच्या आणि विभागाच्या निकालाशी ताडून पाहा. 'आमचा निकाल ९५ टक्के' हे ऐकायला भारी वाटतं. २०२५ साली राज्याचाच दहावीचा निकाल ९४.१० टक्के होता. कोकण विभागाचा ९८.८२, नागपूर विभागाचा ९०.७८. म्हणजे रत्नागिरीतल्या शाळेचा ९५ टक्के निकाल तिच्या विभागाच्या मागे आहे आणि नागपूरकडच्या शाळेचा तेवढाच निकाल चांगला चार टक्के पुढे. पाच-सहा वर्षांचे आकडे मिळाले तर त्यातून २०२१ वगळा. करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो राज्यभर ९९.९५ टक्के होता.

३. विषयवार निकाल मागा. टक्केवारीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी २० अंतर्गत, म्हणजे शाळेनंच दिलेले. 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मुळे सहा विषयांतला सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळतो. चित्रकला, खेळ, लोककला यांचे सवलतीचे गुण वरून मिळतात. मुलाच्या दृष्टीनं हे सगळं चांगलंच आहे, पण यामुळे ८५ टक्क्यांच्या आड गणिताचे ५२ गुण दडू शकतात. मुलाला अकरावीला विज्ञान शाखेत घालायचं मनात असेल, तर एकूण टक्केवारीपेक्षा गणित आणि विज्ञान या दोन विषयांचा निकाल जास्त बोलका असतो.

४. नववीत किती होते आणि दहावीला किती बसले? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा. काही शाळा शंभर टक्के निकालाचा मान राखण्यासाठी कच्च्या मुलांना नववीच्या शेवटी नापास करतात किंवा पालकांना बोलावून सांगतात, 'दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा.' हा फॉर्म शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावी देता यावी म्हणून आहे. निकालाचा फलक चकचकीत ठेवण्यासाठी नव्हे. नववीत ४४० मुलं होती आणि पुढच्या वर्षी दहावीला ३९० बसली, तर मधल्या पन्नासांचं काय झालं हे मुख्याध्यापकांना विचारा. काहींच्या घरच्यांची बदली झाली असेल, काही गाव सोडून गेली असतील. सगळ्यांचीच बदली झाली असं उत्तर आलं तर ओळखा.

माझं मत विचाराल तर नववीतल्या सगळ्यांना दहावीला बसवून ९१ टक्के निकाल लावणारी शाळा मी शंभर टक्केवाल्या शाळेपेक्षा वर धरतो.

शाळेत जाऊन काय पाहायचं

स्नेहसंमेलनाला किंवा २६ जानेवारीला गेलात तर शाळा नटलेली दिसेल. साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळचं सत्र सुटून दुपारचं भरतं त्या वेळेला जा. हजार-दीड हजार मुलं एकाच फाटकातून आत-बाहेर करतात. तिथं शिक्षक उभे आहेत की नुसताच शिपाई, सायकली आणि रिक्षा यांची वाट वेगळी आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळतं.

मग ओळखीच्या आठवीतल्या एखाद्या मुलाची गणिताची वही मागून घ्या. जूनची पानं सगळ्यांचीच तपासलेली असतात, ती सोडा. डिसेंबर-जानेवारीची पानं उघडा. पानाच्या तळाशी नुसती सही आणि तारीख आहे, की समीकरणात उजवीकडची संख्या डावीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहिलं तिथंच लाल गोल आहे? आणि गोल असेल तर खाली मुलानं ते उदाहरण पुन्हा सोडवलेलं आहे का? चुकलेल्या उत्तरावर बरोबरची खूण करून पुढं गेलेली वही दिसली, तर त्या तुकडीत काय चाललंय ते समजलं. एक मात्र ध्यानात ठेवा. पाच तुकड्यांच्या शिक्षकापुढं तीनशे वह्या येतात. प्रत्येक पान तपासून मिळेल अशी अपेक्षा कोणत्याच शाळेकडून ठेवू नका. आठवड्याला काही पानं मनापासून पाहिलेली असली तरी पुष्कळ झालं.

आणखी काही गोष्टी:

- मुलांना विचारा, 'गेल्या आठवड्यात किती तास ऑफ गेले?' मुलं याचं उत्तर बिनचूक देतात. आठवड्याला एक-दोन समजू शकतो. रोज एक असेल तर शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत.
- मुलींचं स्वच्छतागृह आईनं किंवा मावशीनं आत जाऊन पाहावं. कडी लागते का, नळाला पाणी आहे का. स्वच्छतागृह वापरण्याजोगं नसेल तर या एका कारणापायी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.
- प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांवर धूळ आहे का ते दिसतंच. नववीच्या मुलाला विचारा, शेवटचा प्रयोग स्वतःच्या हातानं कधी केला?
- ग्रंथालयाची देवघेवीची वही. तिच्यात या महिन्याच्या तारखा आहेत का?
- तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावं दर्शनी भागात लावली आहेत का?

तुमच्या मुलाला ही शाळा झेपेल का?

मोठ्या शाळेत मैदान असतं, एनसीसी असते, कबड्डीचा संघ असतो, नाटक असतं, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा असतात. सगळ्या थरांतली मुलं एका बाकावर बसतात, आणि हे शिक्षण कुठल्याही पुस्तकात नसतं. जे मूल हात वर करतं, नाव नोंदवतं, चुकलं तर पुन्हा विचारतं, ते इथं फुलतं. जे गप्प बसतं, ते साठ जणांत गप्पच राहू शकतं आणि वर्गशिक्षकांना त्याचं नाव दिवाळीपर्यंत ठाऊक नसतं. तुमचं मूल दुसऱ्या प्रकारचं असेल तर शाळा वाईट ठरत नाही. पण जूनमध्येच वर्गशिक्षकांना भेटून मुलाची ओळख करून देणं तुमच्यावर येतं.

अध्ययन अक्षमता किंवा अन्य दिव्यांगत्व असेल तर प्रमाणपत्राची प्रक्रिया आठवी-नववीतच सुरू करा. दहावीला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मंडळाच्या नियमांत आहेत, पण ऐन परीक्षेच्या तोंडावर धावपळ केली तर कागद वेळेत होत नाहीत.

पैशांचा हिशेबही करा. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार मोफत असतो, मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. आठवीत होणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. शाळेतून दर वर्षी किती मुलं या परीक्षेला बसवली जातात, हा आकडा शाळेच्या तळमळीबद्दल बरंच काही सांगतो. आवारातच संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय असेल, तर अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात इनहाउस कोट्याच्या १० टक्के जागाही असतात.

फसगत होते ती इथे

एका आवारात, एकाच नावाखाली तीन गोष्टी चालतात. अनुदानित तुकड्या, विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित तुकड्या, आणि शेजारच्या इमारतीत त्याच संस्थेची स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा. पालक जुन्या शाळेचं नाव ऐकून येतात आणि प्रवेश भलतीकडेच होतो. फी वेगळी, शिक्षक वेगळे, सवलतीही वेगळ्या. प्रवेश अर्ज भरण्याआधी दोन प्रश्न विचारा आणि उत्तर पावतीवर किंवा अर्जावर लिहून घ्या: ही तुकडी अनुदानित आहे का? या प्रवेशाचा यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, कोणता?

दुसरी गोष्ट सेमी इंग्रजीची. 'सेमी आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. गणित-विज्ञानाचं पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं पूर्ण मराठीतून, असं अनेक ठिकाणी चालतं. त्यात गैर काहीच नाही, मुलांना कळतं. पण तुम्ही इंग्रजीच्या आशेनं सेमी घेत असाल तर आधी माहीत असावं.

तुकड्या गुणांवर पाडतात का, हेही विचारा. पहिली साठ 'अ'मध्ये, शेवटची साठ 'ह'मध्ये, ही पद्धत अजून बऱ्याच शाळांत आहे. तशी असेल तर वर्षाच्या मध्ये किंवा शेवटी तुकडी बदलून मिळते का?

प्रवेशाच्या वेळी तुमचे हक्क

शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. त्यात:

- प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा, मुलाखत घेता येत नाही. घेतल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.
- जन्मदाखला नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही.
- शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे.
- शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. 'सरांच्या क्लासला आलात तर बरं' असं सुचवलं गेलं, तर ते कायद्याविरुद्ध आहे.
- आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते, त्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहू शकतं.

देणगी घेऊन प्रवेश देण्याला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे आणि ती नववी-दहावीलाही लागू आहे. 'इमारत निधी'ची पावती पुढं केली तर ऐच्छिक आहे का ते विचारा. ऐच्छिक असेल तर नाही म्हणता येतं. शिक्षण हक्क कायद्याखालचे (आरटीई) २५ टक्के राखीव प्रवेश मात्र खासगी विनाअनुदानित शाळांसाठी असतात, अनुदानित हायस्कुलात त्याची चौकशी करण्यात वेळ घालवू नका.

माहिती कुठं मिळते

प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. केंद्राच्या यूडायस प्लस संकेतस्थळावर शाळा शोधली की पटसंख्या, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, प्रयोगशाळा अशी माहिती दिसते. ती शाळेनंच भरलेली असते, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेल्याशी ताडून घ्या. पटसंख्येला शिक्षकसंख्येनं भागा. सहावी ते आठवीला कायद्याचं प्रमाण ३५ मुलांमागं एक शिक्षक असं आहे.

शिक्षकांची किती पदं मंजूर आणि किती भरलेली, हे संचमान्यतेत असतं. कार्यालयात तोंडी विचारलं तर बहुतेक वेळा सांगतात. नाहीच सांगितलं तर माहितीचा अधिकार आहे. अनुदानित शाळा या कायद्याखाली येते. अर्ज साध्या कागदावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. जूनच्या प्रवेशासाठी हे उत्तर हवं असेल तर अर्ज फेब्रुवारीतच करा. माझा सल्ला असा की आधी तोंडी, मग साधं पत्र, आणि अगदी शेवटी माहितीचा अधिकार. ज्या शाळेत मूल सहा वर्षं काढणार, तिथं पहिलीच भेट कायद्याच्या भाषेत कशाला?

प्रवेश घेतला, पण पटत नाही

पहिल्या घटक चाचणीपर्यंत थांबा. नंतर पायरीनं जा: वर्गशिक्षक, पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक. मोठ्या शाळेत पर्यवेक्षक हा सर्वांत उपयोगी माणूस असतो. वेळापत्रक आणि तुकड्या त्याच्या हातात असतात. पालक-शिक्षक संघाच्या सभेला जा, तिथं मांडलेला मुद्दा इतिवृत्तात येतो. लेखी तक्रार दिली तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज पुढं कुठंही चालत नाही. शाळेत दाद लागली नाही तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद. मुंबईत शिक्षण निरीक्षक. त्यावर विभागीय शिक्षण उपसंचालक. मुलाच्या सुरक्षिततेचा किंवा लैंगिक छळाचा प्रश्न असेल तर मात्र पायऱ्या चढत बसू नका. थेट पोलीस किंवा १०९८ ही बालसाहाय्य क्रमांकाची सेवा.

नववीतल्या मुलाला 'दाखला घेऊन जा' असं सांगितलं गेलं, तर तिथल्या तिथं सही करू नका. शाळेनं हे लेखी द्यावं असं म्हणा. बहुतेक वेळा लेखी मिळत नाही आणि विषय तिथंच थांबतो. मूल एखाद-दोन विषयांत कच्चं असेल तरी दहावीला बसू द्या. नापास झालं तर जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा आहे, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येतं.

शाळाच बदलायची असं ठरलं तर वेळ सांभाळा. दुसऱ्या शाळेत जागा आहे याची लेखी खात्री झाल्याशिवाय दाखला काढू नका. नववी झाल्यावर थेट दहावीत दुसरीकडे प्रवेश मिळणं फार अवघड जातं, म्हणून बदल करायचाच असेल तर आठवीच्या निकालानंतर, नववीचे वर्ग सुरू होण्याआधी करा.